अंगठा दिला, पण सही कुठंय?

आम्रपालीच्या स्कूटरवर मागं बसून मी म्हातारपणी जेवढा फिरलो, तेवढा नोकरीत असताना कंपनीच्या बसनंही फिरलो नव्हतो. तिचे वडील आणि मी पिंपरीतल्या एकाच कारखान्यात फिटर होतो. संत तुकाराम नगरात घरंही पाठीला पाठ लावून. ते गेले, मी रिटायर झालो, आणि एके दिवशी ही पोर दारात येऊन म्हणाली, "अण्णाकाका, अंगठा देता का?"

भाडेकरार करून द्यायचं तिचं काम. आधी ती हिंजवडीत एका ऑफिसात माहिती भरायचं काम करायची. लॉकडाऊनमध्ये ते ऑफिस गुंडाळलं. नवरा बुद्धरत्न चाकणला शिफ्टमध्ये, त्याच्या एकट्याच्या पगारात घर ओढायचं म्हणजे तारेवरची कसरत. मग तिनं हे शिकून घेतलं. पूर्वी घर भाड्यानं द्यायचं तर स्टॅम्पपेपर आणा, टायपिस्ट गाठा, नोंदणीच्या कार्यालयात रांग लावा, असं असायचं. आता करार सरकारी वेबसाइटवर भरायचा. मालकानं आणि भाडेकरूनं काडेपेटीएवढ्या यंत्रावर अंगठा टेकवायचा, आधारवरून ओळख पटते, कॅमेऱ्यात फोटो निघतो. दोन साक्षीदारांचेही अंगठे लागतात. मग नोंदणी अधिकारी आपल्या खुर्चीत बसून त्यावर डिजिटल सही करतो आणि करार मोबाइलवर येऊन पडतो. यात शाईचा थेंब कुठं लागत नाही.

साक्षीदार म्हणून लोक कुणाला तरी बोलावतात आणि तो ऐनवेळी फोन उचलत नाही. म्हणून ओळखीतल्या माणसाचा करार असला की आम्रपाली मला नेते. मला तेवढीच हवा लागते, वर चहा मिळतो.

दिसायला काम सोपं, पण माणसाचा अंत पाहणारं. लोक अंगठा हसत हसत देतात. फोटो काढताना केस नीट करतात. आम्रपाली एकेक कलम मोठ्यानं वाचते, तेव्हा माना डोलावतात, मधेच टीव्हीकडं बघतात. सगळं आटोपलं, लॅपटॉप मिटला, की मग विचारतात, "आणि सही कुठं करायची?"

"झाली की सही. अंगठा दिलात ना, तीच सही."

"ते झालंच हो. पण खरी सही?"

हे तिनं किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. चिडली तरी ती बोलत नाही. बॅग एका खांद्यावरून काढते, दुसऱ्यावर घेते, आणि पहिल्यापासून समजावायला लागते.

तेही परवडलं, पण पीडीएफ उघडल्यावर येणारं ते पिवळं प्रश्नचिन्ह! नोंदणी अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीवर बऱ्याच कॉम्प्युटरवर प्रश्नचिन्ह दिसतं, शेजारी इंग्रजीत ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’. त्याचा अर्थ एवढाच, की त्या कॉम्प्युटरनं सही अजून तपासलेली नाही. दोन ठिकाणी क्लिक केलं की हिरवी खूण उमटते. पण हे सांगणार कुणाला? एका भाडेकरू मुलीबरोबर ती बँकेत गेली होती, तेव्हा मीही होतो. मुलीला पत्त्याचा पुरावा द्यायचा होता. काउंटरवरच्या साहेबांनी कागद उलटासुलटा केला.

"याची ओरिजिनल आणा."

"सर, हीच ओरिजिनल. ऑनलाइन करार आहे."

"ही प्रिंट आहे मॅडम."

"मग मोबाइलवरची बघा. ती ओरिजिनल."

"मोबाइलवरची कॉपी आम्ही घेत नाही. आणि हे काय, सही पडताळलेली नाही असं तुमच्याच कागदावर लिहिलंय की!"

शेवटी त्या मुलीला प्रत्येक पानावर पेनानं सही करायला लावली. तिनं केली. साहेबांचं समाधान झालं. ज्या सहीला कायद्यानं काही किंमत नव्हती, तिच्यावर काम झालं. बाहेर आल्यावर आम्रपाली बराच वेळ स्कूटरला किल्लीच लावेना.

तर अशा त्या वैतागात मारुंजीचं प्रकरण आलं.

मारुंजीचे दौलतराव जुन्या गावातले. त्यांचा धाकटा भाऊ आमच्या कंपनीत होता, म्हणून ओळख. शेताच्या कडेला त्यांनी तीन मजली इमारत बांधलेली, खाली स्वतः, वर भाडेकरू. हिंजवडीतल्या पोरापोरींना राहायला जागा लागते, त्यामुळं मारुंजीत आता ज्वारीपेक्षा खोल्या जास्त पिकतात. वरचे दोन्ही मजले सनी नावाच्या माणसाला द्यायचे ठरले. तो फ्लॅट भाड्यानं घ्यायचा, त्यात कॉट टाकायचा आणि आयटीतली पोरं ठेवायचा. तसं करायला मालकाची हरकत नाही, हे करारात लिहायचं होतं. मुदत अकरा महिने.

आम्ही गेलो. दौलतरावांच्या अंगठ्यानं यंत्राला बराच घाम फोडला. आयुष्यभर माती आणि विळा, रेघा राहिल्यात कुठं? आम्रपालीनं त्यांना हात कोमट पाण्यानं धुवायला लावले, स्वतःच्या रुमालानं पुसले, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, आणि एकदाचा अंगठा उमटला. मग तिनं सगळा करार वाचून दाखवला. अकरा महिने. मुदत संपली की जागा रिकामी. दौलतराव पानाला चुना लावत होते. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या, आणि एवढ्या माणसांत खरं ऐकत होत्या त्या एकट्याच.

"झालं?" दौलतरावांनी विचारलं.

"झालं काका. तीनचार दिवसांत नोंदणी होऊन येईल."

"आन सही?"

आम्रपालीनं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "काका, अंगठा हीच सही."

"अंगठा अडाणी मानूस देतो. म्या सातवी पास हाय. मला सही येती."

"येते हो काका. पण इथं लागत नाही."

"लागत न्हाई म्हंजी? सही न्हाई तर करार कसला? उद्या ह्यो म्हनला, म्या न्हाईच केला, मग?"

सनी लगेच पुढं सरकला. "काका, तुमच्या मनाला वाटतंय ना, आपण करू की सही. मी कुठं पळून चाललोय?"

ते हसून म्हटलेलं वाक्य तेव्हा आम्हा दोघांनाही चांगुलपणाचं वाटलं.

करार नोंदून आला, आम्रपालीनं दोघांना पाठवला आणि विषय संपला. निदान आम्हाला तसं वाटलं. नंतर मध्ये एकदा सनीनं तिला निरोप टाकला होता, ताई, ती पीडीएफ पुन्हा पाठवा, धंद्याच्या नोंदणीला लावायचीय. तिनं पाठवली.

वर्ष सरत आलं तेव्हा दौलतरावांच्या मुलीचं, रुपालीचं, नाशिकहून इकडं यायचं ठरलं. तिच्या नवऱ्याला चाकणच्या कंपनीत चांगली जागा मिळाली होती. दोन लेकरं, सासूबाई. माहेरच्या इमारतीतला एक मजला तिला द्यायचा, हे मंजुळाबाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. मुदत संपताच दौलतराव सनीला म्हणाले, बाबा, आता जागा दे.

सनी म्हणाला, "काका, अजून चार वर्षं आहेत."

त्या दिवशी दुपारी आम्रपालीला फोन आला. मी तिच्या घरीच बसलो होतो, बुद्धरत्नची रात्रपाळी होती म्हणून तोही घरी होता. फोनवर दौलतराव इतक्या मोठ्यानं बोलत होते की तिला तो कानापासून लांब धरावा लागला.

"तुज्या त्या डबड्यानं माजा घात केला! ह्यो म्हनतोय त्या कागदावर त्येची सहीच न्हाई. म्या तवाच म्हनलं हुतं! म्हनलं हुतं का न्हाई?"

"काका, त्याचा अंगठा आहे, फोटो आहे, नोंदणी आहे—"

"घाल चुलीत तुजी नोंदनी!"

फोन बंद झाला. बुद्धरत्न म्हणाला, "सोड ना हे काम. लोकांच्या भानगडीत तुझं डोकं फिरतंय."

"सोडू? मी काय चुकलेय म्हणून सोडू?" ती त्याच्यावरच उसळली, आणि तो बिचारा उठून चहा टाकायला गेला.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. दौलतराव रोज सकाळी गावातल्या चहाच्या टपरीवर बसतात, आणि टपरीवर बसलेला माणूस गप्प बसत नाही. ‘त्या बाईचं ॲग्रीमेंट बोगस हाय, सहीच नसती’, एवढं वाक्य पुरलं. मारुंजीतून फोन यायला लागले. ज्यांचे करार तिनं केले होते ते घाबरून विचारायचे, आमचं पण तसलंच आहे का? काहींनी दुसऱ्या एजंटाकडून पुन्हा करार करून घेतला, पुन्हा त्याच वेबसाइटवर, त्याच अंगठ्यानं. फक्त त्या एजंटानं वर कागदावर सही मारून घेतली, म्हणून तो विश्वासाचा ठरला! नवी कामं तर बंदच झाली. इकडं रुपालीनं नवऱ्याच्या रुजू व्हायच्या तारखेपायी घाई करून काळेवाडीत भाड्याचं घर घेतलं. बापाची तीन मजल्यांची इमारत आणि लेक भाड्यानं. मंजुळाबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं.

आम्रपाली एकदा मला म्हणाली, "काका, मी चोरी केली असती तर बरं झालं असतं. निदान कशाबद्दल ऐकून घेतेय ते तरी कळलं असतं."

शेवटी तिनंच वकील शोधली. तेजस्विनी नावाची मुलगी, आमच्याच भागातली, भाड्याच्या जागांच्या भांडणांचं काम करणारी. आम्रपालीनं दौलतरावांना फोन न करता थेट मंजुळाबाईंना केला. "मावशी, तुम्ही काकांना घेऊन या. फक्त एकदा."

तेजस्विनीच्या ऑफिसात आम्ही सगळे बसलो. दौलतराव भिंतीकडं बघत. तेजस्विनीनं लॅपटॉपवर करार उघडला, हिरवी खूण आणून दाखवली, आणि म्हणाली, "काका, हा करार पक्का आहे. करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला, एवढ्याच कारणानं तो नाकारता येत नाही, असं दोन हजार सालच्या कायद्यात आहे. सही म्हणजे शाईच पाहिजे असं नाही. हा माणूस मीच आणि मला हे मान्य आहे, हे त्यातून कळलं पाहिजे. आणि आपल्याकडं भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. हा तसा आहे. मग तो सनी कशाच्या जोरावर चार वर्षं म्हणतोय?"

दौलतराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"काका?"

मंजुळाबाईंनी तोंड उघडलं. नवऱ्याकडं न बघता, वकिलीणबाईंना म्हणाल्या, "त्यास्नी इचारा, हिंजवडीच्या नाक्यावर टायपिंगवाल्याकडं कशाला गेलं हुतं."

तेव्हा ते बाहेर आलं. अंगठा दिल्यावर चार दिवसांनी दौलतराव सनीला घेऊन नाक्यावरच्या टायपिस्टकडं गेले होते. स्टॅम्पपेपर घेतला, नोटरीचा शिक्का मारला. टायपिस्टकडं कुणाच्या तरी जुन्या कराराचा मसुदा होता, त्यात त्यानं नावं बदलली. मुदत सनीनं सांगितली. दौलतरावांनी काही वाचलं नाही. चष्मा घरी राहिला होता. पण प्रत्येक पानावर निळ्या शाईनं, पूर्ण नावाची, खाली रेघ ओढून सही केली होती. त्या सहीनं त्यांना रात्री झोप लागली होती. कागदात मुदत होती पाच वर्षं.

आम्रपाली खुर्चीतून उठली. मला वाटलं आता ही बॅग उचलून निघून जाणार. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "काका, मी तुम्हाला अकरा महिने हे दोनदा वाचून दाखवलं होतं. गावभर मला बोगस म्हणालात. आणि हा कागद तुमच्या कपाटात होता?"

"मला काय ठावं त्यात पाच वर्सं लिवलंय!"

"सही तर तुमची आहे ना?"

"व्हय. सही माजीच हाय," दौलतराव म्हणाले, आणि त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

तेजस्विनीनं कपाळाला हात लावला. "मग फाडून टाकतो ह्यो," दौलतराव म्हणाले. "तुमची प्रत फाडाल काका," तेजस्विनी म्हणाली. "त्याच्याकडची कोण फाडणार?"

पुण्यात अशा प्रकरणांसाठी वेगळे अधिकारी बसतात, तिथं अर्ज लावला. अर्जासोबत माझं प्रतिज्ञापत्र लागलं, की करार झाला तेव्हा मी हजर होतो, दोघांनी माझ्यासमोर अंगठे दिले, मजकूर वाचून दाखवला होता. ते प्रतिज्ञापत्र छापून माझ्यासमोर आलं आणि कारकुनानं पेन पुढं केलं. प्रत्येक पानावर सही. आम्रपालीनं ते पाहिलं आणि तिला हसू आवरेना. त्या सगळ्या प्रकरणात ती पहिल्यांदाच हसली. अंगठा खरा आहे हे शाईनं लिहून द्यावं लागत होतं!

सुनावणीच्या पहिल्या दोन तारखांना काही झालंच नाही. एकदा सनीचे वकील आले नाहीत, एकदा अधिकारी दुसऱ्या कामाला गेले होते. दर वेळी दौलतराव, मी आणि आम्रपाली पुण्यात जायचो आणि बाकावर बसून परत यायचो. आम्रपालीचे ते दिवस बुडायचे. दौलतराव तिच्याशी बोलत नव्हते, पण घरून येताना मंजुळाबाईंनी दिलेल्या भाकरीचा डबा मुकाट्यानं तिच्यापुढं सरकवायचे.

तिसऱ्या खेपेला सनीचे वकील उभे राहिले. त्यांनी यंत्रावरच्या कराराची प्रिंट वर धरली. "साहेब, यावर माझ्या अशिलाची सही कुठं आहे ते समोरच्यांनी दाखवावं. संगणकानं छापलेला फोटो म्हणजे सही होत नाही. याउलट या स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या आहेत, नोटरीचा शिक्का आहे. आणि मालकांना ही सही मान्य आहे."

दौलतराव माझ्या कानात कुजबुजले, "बोलतोय बराबर." मी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

तेजस्विनी म्हणाली, "सही दिसत नाही म्हणजे झाली नाही, असं नाही. आधारवरून ओळख पटल्याशिवाय ही नोंदणी पुढं सरकतच नाही. आणि समोरचे वकील जो करार नाकारतायत, तोच करार त्यांच्या अशिलानं स्वतःच्या धंद्याच्या नोंदणीला पत्त्याचा पुरावा म्हणून लावला आहे. त्यासाठी करार मागवल्याचा त्याचा निरोप आणि त्या नोंदणीची नक्कल अर्जासोबत आहे. तो स्टॅम्पपेपर नाही लावला. कारण तो नोंदवलेला नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं."

सनीनं तेव्हा मोबाइल खिशातून काढला, परत ठेवला. अधिकाऱ्यांनी कागद चाळले. ते थकलेले दिसत होते, आमच्या आधी बरीच प्रकरणं झाली होती. त्यांनी दौलतरावांना विचारलं, "आजोबा, नोंदलेला करार असताना हा दुसरा कशाला केलात?"

दौलतराव उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "सायेब, मनाची खात्री न्हवती."

"आणि हा करताना वाचलात?"

"न्हाई."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. प्रकरण निकालासाठी ठेवलं.

निकाल महिन्याभरानं आला. नोंदलेला करार ग्राह्य, मुदत संपलेली, सनीनं जागा रिकामी करावी. तेजस्विनीनं फोनवर सांगितलं तेव्हा आम्रपाली काळेवाडीत एका मालकाच्या जिन्यात उभी होती. ती फक्त "बरं झालं" म्हणाली.

पण सनी हलला नाही. म्हणाला, वर जातो, अपील करतो, बघू किती वर्षं लागतात ते. दौलतराव पुन्हा टपरीवर जाऊन बसले, ‘निकाल लागून काय उपेग’ म्हणायला. या वेळी मंजुळाबाई थांबल्या नाहीत. एका रविवारी सकाळी त्या जिना चढून वर गेल्या. वर पोरं झोपेतून उठत होती, लातूरची, परभणीची, एक दोन कोकणातली. मंजुळाबाई त्यांच्या कॉटवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, तुमी चांगली हायसा. तुमच्याशी माजं काय न्हाई. पर ही जागा सोडायचा सरकारी हुकूम झालाय. सनीनं तुमास्नी सांगितलं का न्हाई?"

पोरांना काहीच माहीत नव्हतं. एकानं विचारलं, "आजी, हुकूम बघायला मिळेल?" मंजुळाबाईंनी आम्रपालीला फोन लावला, तिनं तो त्या पोराच्या मोबाइलवर पाठवला. आयटीतली पोरं ती. डिजिटल सही कशी तपासायची हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. उद्या जागा खाली करायला पोलीस आले तर ती भानगड आपल्या नावावर नको म्हणून ती एकेक करून दुसरीकडं गेली. कॉट रिकामे पडले आणि रिकाम्या कॉटसाठी अपील करणं सनीला परवडेना. एका दुपारी टेम्पो आला, त्यानं सामान भरलं, आणि जाताना आम्रपालीला निरोप टाकला, ‘ताई, राग नका मानू, धंदा आहे.’ तिनं त्याचा नंबर ब्लॉक केला.

रुपाली तिच्या लेकरांसकट मधल्या मजल्यावर आली.

दौलतरावांनी माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडच्या त्या वयाच्या पुरुषांना तो शब्द येत नाही. त्यांनी इंद्रायणी तांदळाचं पोतं आम्रपालीच्या घरी पाठवलं. तिनं ते घेतलं आणि त्यांना फोन केला. "काका, तांदूळ छान आहे. पण मला तांदूळ नको होता. टपरीवर जाऊन सांगा, माझं ॲग्रीमेंट बोगस नव्हतं म्हणून."

"सांगतो की."

आणि सांगितलंही, त्यांच्या पद्धतीनं. टपरीवरच्या एकानं नंतर मला सांगितलं की दौलतराव म्हणाले, "बाई बोगस न्हाई. पर सही पायजे व्हती."

हे मी आम्रपालीला कळवायला नको होतं. दोन दिवस ती माझ्याशीही धड बोलली नाही.

तरी हळूहळू मारुंजीतून फोन पुन्हा येऊ लागले. त्यात मंजुळाबाईंचा हात होता. गावातल्या बायकांत त्या म्हणायच्या, करार करायचा तर त्या पोरीकडनं करा, ती वाचून दाखवती. सगळ्यात वरचा मजला पुन्हा भाड्यानं द्यायचा होता, तेव्हा आम्ही दोघं गेलो. या वेळी करार मंजुळाबाईंच्या नावे. दौलतरावांनी ती जागा बायकोच्या नावे करून दिली होती, की द्यावी लागली, ते मी विचारलं नाही. भाडेकरू एक नवरा-बायको, दोघंही हिंजवडीत कामाला. मंजुळाबाईंनी सगळा मजकूर ऐकला, दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलं, मग अंगठा दिला. लॅपटॉप मिटल्यावर त्यांनी काहीही विचारलं नाही. आत चहा टाकायला गेल्या.

आम्रपाली माझ्याकडं बघून श्वास सोडणार, तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून दौलतराव आत आले. तिच्याजवळ पाट ओढून बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, एक काम हाय. माजं मृत्युपत्र कर."

"मी?"

"मंग कोन? त्या यंत्रावर. अंगठा घे, फोटो घे, म्हंजी कुनी कोर्टात नाकारनार न्हाई. म्या डोळ्यांनी बघितलंय."

आम्रपालीनं डोळे मिटले, उघडले. "काका, मृत्युपत्र यंत्रावर होत नाही."

"का न्हाई?"

"कायद्यानं चालत नाही. काही गोष्टी त्यातून वगळल्यात, त्यात मृत्युपत्र आहे. ते कागदावरच करायचं. तुम्ही स्वतः सही करायची, दोन साक्षीदारांसमोर. पेनानं."

दौलतरावांनी पाट मागं सरकवला. आपल्याला कुणीतरी फसवतंय असा चेहरा.

"म्हंजी म्या शाई म्हनलो तवा तू यंत्र म्हनलीस. आन आता म्या यंत्र म्हनतोय तर तू शाई म्हनतीस?"

"मी नाही म्हणत काका. कायदा म्हणतो."

"मंग ह्यो कायदा करनाऱ्याला तरी ठावं हाय का, त्येला काय पायजे?"

मला हसू आलं, पण आम्रपालीकडं बघून मी ते गिळलं. तिनं तेजस्विनीला फोन लावला, दोन शब्दांत सांगितलं आणि मोबाइल दौलतरावांच्या हातात दिला. ते तो तोंडासमोर धरून, भांडणाच्या आवाजात, तेजस्विनीला पहिल्यापासून सगळं सांगायला लागले. आमचा चहा आला, पिऊन झाला. ते बोलतच होते. काळेवाडीत पुढचा मालक वाट बघत होता, त्याचे दोन फोन येऊन गेले असणार, पण मोबाइल दौलतरावांकडं अडकलेला. शेवटी मंजुळाबाईंनी तो त्यांच्या कानापासून काढून घेतला, पदरानं पुसला आणि तिच्या हातात ठेवला.

"जा तुमी," त्या म्हणाल्या. "ह्यांचं चालूच ऱ्हानार."

आम्ही बाहेर पडलो. आम्रपालीनं हेल्मेट चढवलं, पट्टा तिच्या हातून दोनदा निसटला, रागानं की हसण्यानं ते काचेआडून कळेना. मी मागं बसलो. वाकडच्या पुलाखाली नेहमीसारखी गर्दी होती, आणि काळेवाडीत पोचायला आम्हाला चांगलाच उशीर झाला.